चैत्रातला आडोसा

सरूवहिनींनी मला जगवलं. हे आधी लिहितो, बाकीचं मागून. मागून लिहिताना हात थांबला तर निदान एवढं तरी कागदावर राहिलेलं असेल. अमरावतीत ज्या आठवड्यात माझ्याशी कोणी बोलत नव्हतं, त्या आठवड्यात त्यांनी मला दोन्ही वेळा ताट वाढलं, आपल्या भावाला पत्र लिहवून घेतलं आणि मला पंजाबच्या वाटेला लावलं. त्यांचं स्वतःचं कुंकू पुसून तेव्हा नऊ दिवस झाले होते. सातवी अर्धवट सोडलेला, सायकल मारण्यापलीकडे काही न येणारा माणूस मी. आज लुधियान्यात सायकलच्या कारखान्यात चाकांना आरे बसवतो, बायको-लेकरं सुखानं दोन घास खातात. हा घास सरूवहिनींचा आहे.

आणि ज्या दिवशी त्यांचे यजमान, आमचे गजाभाऊ, गेले, त्या दिवशी त्यांच्या हातावर गोळ्यांची पुडी ठेवणारा मी होतो. वहिनींना हे ठाऊक नाही. नऊ वर्षं झाली.

इथे चैत्र आला की गव्हाचा वास येतो. शहराच्या कडेपर्यंत गहू पिकून उभा असतो आणि वारा सुटला की त्याची धूळ कारखान्याच्या खिडकीतून आत येऊन तेलावर बसते. आमच्या वऱ्हाडातला चैत्र असा नसतो. तिथे शेतं मोकळी होऊन काळी-भेगाळ पडलेली असतात, दुपारी वावटळी उठतात, आणि सकाळी मात्र मोगरा फुलतो. इतका फुलतो की माणूस वैतागतो. तो वास माझ्या नाकातून गेलेला नाही. दरवर्षी गहू कापायला आला की मला मोगऱ्याचा वास येतो, आणि मग जेवण जात नाही. बायको म्हणते, ऊन लागलं असेल. तो शब्द ऐकला की मी उठून बाहेर जातो.

दर चैत्रात वहिनींचं पार्सल येतं. कुरोड्या, मूगवड्या, हातानं वळलेले सरगुंडे. यंदा ते एका जुन्या मराठी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं होतं. मराठी अक्षर दिसलं की मी तेलकट कागदसुद्धा वाचतो. त्यात कोपऱ्यात बातमी होती. परदेशात तीन-तीन आठवडे चालणारी जी मोठी सायकल शर्यत असते, तिच्यात एक नावाजलेला गडी उघड्याबोडक्या डोंगरावर, भर उन्हात, चढ चढताना पडला. लोकांनी उचलून पुन्हा सायकलवर बसवला. थोडा गेला, पुन्हा पडला, तो उठला नाही. खिशात गोळ्या सापडल्या.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी ती बातमी कारखान्यात सांगितली. सांगायला नको होती. आमचा फोरमन सरदारजी, मांडीवर थाप मारून म्हणाला, "मर गया तो मर गया, पर चढ़ा तो सही!" बाजूचा म्हातारा वेल्डर रोटी मोडत म्हणाला, "गोली खाके तो मेरी बूढ़ी माँ भी चढ़ जाए, सरदारजी. फिर उसको भी कप दो." सगळे हसले. मग वाद सुरू झाला. तो आधीच्या शर्यती जिंकला त्या धरायच्या की नाही? एकदा घेतली म्हणजे नेहमीच घेत असणार की नाही? सगळेच घेत असतील तर मग फसवलं कोणी कोणाला? मी डबा झाकला. तेच प्रश्न, त्याच क्रमानं, मी अमरावतीच्या पानठेल्यावर ऐकले होते. फक्त तिथे मेलेल्या माणसाला मी ओळखत होतो.

मी मूळचा शेंदूरजनाघाटचा. घरी संत्र्याचं काम, पण झाडं दुसऱ्याची. शाळा सुटली तशी बाप म्हणाला, हात कुठेतरी लाव. गजाभाऊंचा अमरावतीबाहेर फुलांचा मळा होता, तिथे आलो. झेंडू, शेवंती, चैत्रात मोगरा. फुलं तोडायची, ओल्या फडक्यात बांधायची, आणि देवीच्या काकड्याच्या आधी गावात पोचवायची. उशीर झाला की पुजारी घेत नसत. सूर्य वर आला की फूल मान टाकतं. म्हणून गजाभाऊ सायकल मारायचे तशी मारायचे. कोणी शिकवलं नव्हतं. मागे दोन टोपल्या, पुढे एक, आणि चढावरही उठून उभं राहायचं नाही, कारण टोपली हलते. त्या न हलणाऱ्या बसण्यावर पुढे सगळ्या वऱ्हाडातली माणसं फिदा झाली. आमचा सायकलमिस्त्री रशीदभाई म्हणायचा, "बाकी के लोग सायकल चलाते हैं भौ, गजा तो सायकल पर नमाज पढ़ता है."

आमच्याकडे शर्यती चैत्रातच. दिवाळीपासून होळीपर्यंत रस्ता कापसाच्या गाड्यांनी भरलेला, त्यातून सायकलवाला कुठून जाणार? गाड्या आटपल्या, डांबर मोकळं झालं की व्यायामशाळांची मंडळं कामाला लागायची. सगळ्यात मोठी शर्यत अमरावती ते अकोला जाऊन-येऊन. सकाळी सहाला निघायचं, बडनेरा, मूर्तिजापूर, बोरगाव मंजू करत अकोला गाठायचं, तिथे पंच मनगटावर शाईचा शिक्का मारायचे, आणि तो शिक्का घेऊन परत. सव्वाशे मैल म्हणा. यायला दुपार टळायची. सायकली साध्याच, काळ्या, वजनदार. मडगार्ड काढायचं, स्टँड काढायचं, कॅरिअर काढायचं, झाली शर्यतीची सायकल.

अकोल्याचा संघ सहा जणांचा. त्यांचा मुख्य गडी दिगंबर, तेलाच्या घाण्यावर कामाला, मांड्या खांबासारख्या. आमचा संघ दोघांचा, गजाभाऊ आणि मी. माझं काम जिंकण्याचं नव्हतं. समोरून वारा आला की मी पुढे व्हायचं आणि गजाभाऊंनी माझ्या पाठीमागे, चाकाला चाक लावून यायचं. वारा माझ्या छातीवर, ते मागे कोरडे, ताजे. शेवटचे दहा मैल उरले की मी बाजूला व्हायचं. आमच्याकडे त्याला आडोसा म्हणत. "तुळशा काय करते?" "तुळशा गजाचा आडोसा हाय." मला त्यात कमीपणा वाटत नव्हता. म्हणजे, पहिली दोन वर्षं तरी नाही.

तीन वर्षं लागोपाठ ढाल अमरावतीला आली. तिन्ही वेळा मी पुढे होतो. तिन्ही वेळा गजाभाऊंनी सकाळी भाकर-दूध खाल्लं, वाटेत संत्र्याच्या फोडी आणि गूळ-शेंगदाणे. दुसरं काही नाही. हे मी कोणत्याही देवाच्या पायावर हात ठेवून सांगेन. कारण खाऊची पिशवी माझ्या गळ्यात असायची आणि त्यांच्या तोंडात जे गेलं ते माझ्या हातून गेलं.

चौथ्या वर्षी हवा बदलली.

गांधी चौकाजवळ बाबारावचा पानठेला. बाबाराव स्वतः कधी मैलभर सायकल चालवलेला माणूस नाही, पण सायकलीबद्दल त्याचं मत घेतल्याशिवाय अमरावतीत कोणाचं पान रंगत नसे. एका संध्याकाळी तो कात लावता लावता म्हणाला, "यंदा दिगंबर घेते ढाल. लिहून ठेवा."

"काहून?" रशीदभाईनं विचारलं.

"चहात टाकून पेते काहीतरी. अकोल्याहून आलेल्या ड्रायव्हरनं सांगतलं मले. रातभर ट्रक हाकाले हे लोक जे खातात, थेच. डोळ्याले डोळा लागत नाही, पाय दुखत नाहीत."

"बाबाराव, तुमच्या पानासाठी उभं राहून आमचे पाय दुखतात, त्याचं काय?"

"हास तू. पाहजो मंग. शंकरपटातल्या बैलाले दारू पाजत नाहीत काय? पयला आला की त्याच्याच शिंगाले गुलाल लावतात. बैलाचं तोंड कोनी हुंगून पाहते?"

सगळे हसले. गजाभाऊ हसले नाहीत. ते पान घेऊन सायकलला टेकून उभे होते. बोलणारा माणूसच नव्हता तो. परत येताना मला म्हणाले, "बैलाले काय, बिचाऱ्याले माहीत नसते न का पाजलं थे."

त्या वर्षी एक गोष्ट जास्तीची होती. बडनेऱ्याच्या रेल्वेतल्या एका साहेबानं शब्द दिला होता. यंदाची ढाल आणली की गजाभाऊंना खेळाडू म्हणून नोकरीत घेऊ. वयाची अट होती, पुढच्या वर्षी ती ओलांडली जाणार होती. म्हणजे हीच एक शर्यत. मळ्याची विहीर दोन उन्हाळे तळाला लागत होती. घरी सरूवहिनी आणि दीड वर्षाची सुलू. वहिनी रोज पहाटे गजरे ओवत बसायच्या आणि बोटं पांढरी पडायची. एकदा त्या मला म्हणाल्या, "तुळशीभाऊजी, रेल्वेत लागले न हे, का मी मोगऱ्याचं तोंड पाहनार नाही. डोकं उठते माह्य." हसून म्हणाल्या. मीही हसलो.

मला आणखी एक वाटत होतं, तेही लिहितो. गजाभाऊ नोकरीला लागले की शर्यती सोडतील, आणि मग मागे बसणारा मी असेन. पुढची ढाल माझी. असं मनात यायचं. मी ते कोणाला बोललो नाही, पण यायचं.

चैत्र म्हणजे परीक्षा. मी शाळा सोडून सात-आठ वर्षं झाली होती तरी चैत्र आला की पाठ न झालेल्या कविता आठवायच्या, अजून आठवतात. फुलं द्यायला मी ज्या घरांत जायचो, वकिलांची, मास्तरांची, भटजींची, तिथे खिडक्यांतून पाठांतराचा आवाज यायचा. एका वकिलांचा मुलगा कायद्याच्या परीक्षेला बसला होता. पुण्याकडे शिकून आलेला, बोलणं अगदी पुस्तकातल्यासारखं. डोळे लाल, दाढी वाढलेली. तो जागरणाच्या गोळ्या खातो हे त्याच्या स्वयंपाकीणबाईंनीच मला सांगितलं होतं. मी ते मळ्यात सहज बोललो होतो. गप्पा म्हणून.

शर्यतीला चार दिवस असताना गजाभाऊ फडकं पिळत होते. वर न बघता म्हणाले, "तुळशा, त्या वकिलाच्या पोरापाशी हायेत न थ्या गोळ्या?"

"हायेत."

"मागून पाह्य."

"काहून गजाभाऊ? तुमाले काय गरज? दिगंबरले तीन डाव मांगं टाकला आपन."

"यंदा हारलो तं पुन्हा नाही बापा." एवढंच. मग फडकं झटकून, "तुले नसन मागाचं तं मीच मागतो."

मी म्हणालो, मी मागतो.

दुसऱ्या दिवशी फुलं देताना मी त्या खिडकीशी गेलो. त्यानं कुरकुर केली नाही. तो आमच्या शर्यतीचा शौकीन होता, गजाभाऊंचं नाव काढताच लाल डोळे चमकले. कागदाची पुडी करून खिडकीच्या गजातून दिली. चार गोळ्या. आत वकीलसाहेब कोणावर तरी ओरडत होते, सायकल माझ्या एका हातात होती. मी हळूच विचारलं, "कवा घ्याची?"

तो आत बघत घाईनं म्हणाला, "अर्धी. अर्धीच हं."

बस. मी विचारलं कधी, त्यानं सांगितलं किती. त्याला माझा 'कवा' कळला नसेल, किंवा ऐकूच आला नसेल. आणि माझ्या डोक्यात त्या आठवड्यात अर्धं म्हणजे एकच गोष्ट होती. जाताना अर्धं, येताना अर्धं, अर्ध्यात शिक्का. आम्ही अकोल्याला अकोला म्हणतच नव्हतो. पाणी अर्ध्यात बदलायचं, संत्री अर्ध्यात काढायची.

मी मळ्यात येऊन सांगितलं, "अर्ध्यात घ्याच्या म्हने."

गजाभाऊंनी मान हलवली.

शर्यतीच्या सकाळी सरूवहिनींनी दोघांच्या कपाळाला कुंकू लावलं. माझ्याही. निघताना सुलू झोपेत होती. पहिला अर्धा रस्ता किती सुंदर गेला हे सांगितलं तर कोणाला खरं वाटणार नाही. थंड वारा पाठीवर, पळसाची शेवटची फुलं, मूर्तिजापूरच्या अलीकडे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं. बाया लोट्यातून पाणी उडवत होत्या. दिगंबर आणि त्याचे पाच जण आमच्या पुढे-मागे. तो एकदा बरोबरीनं आला आणि म्हणाला, "काय गजाभाऊ, नोकरी करता म्हने रेल्वेत? आमाले फुकट तिकीट पायजे." गजाभाऊ नुसते हसले. वैर नव्हतं. वैर ठेल्यावर होतं.

अकोल्यात शिक्का मारून घेतला. सावलीत दोन मिनिटं. मी पिशवीतून संत्रं काढलं, पाणी बदललं आणि पुडी हातावर ठेवली. गजाभाऊंनी ती उघडली, चारही गोळ्या तोंडात टाकल्या आणि वरून पाणी प्यायले. बाजूला अकोल्याची चार माणसं उभी होती. त्यांनी पाहिलं. मी पाहिलं की त्यांनी पाहिलं.

पहिले दहाएक मैल काही नाही. बोरगाव मागे पडल्यावर गजाभाऊ बोलायला लागले. मी तीन वर्षांत त्यांचं एवढं बोलणं ऐकलं नव्हतं. विहिरीबद्दल, सुलूच्या दातांबद्दल, लहानपणी चोरलेल्या बोरांबद्दल. बोलता बोलता पुढे झाले. मी ओरडलो, "गजाभाऊ, मांगं या, हवा समोरची हाय!" कारण वारा आता तोंडावर होता, भट्टीचं दार उघडल्यासारखा. ते म्हणाले, "लेका, तू मांगं ये. आज मी तुहा आडोसा." आणि हसले. मी खरंच त्यांच्या मागे गेलो. आयुष्यात पहिल्यांदा. छातीवर वारा लागत नव्हता. बरं वाटलं मला. हे सगळ्यात वाईट आहे या सगळ्यात, की बरं वाटलं.

मूर्तिजापूरला ते पाणी प्यायले नाहीत. "तहानच नाही बे." संत्र्याची फोड दिली, चावली आणि थुंकली. दात सारखे एकमेकांवर घासत होते. दिगंबर मैलभर मागे पडला होता. आम्ही जिंकत होतो. कोणीही सांगितलं असतं, असा गजा कधी पळाला नाही. वेग वाढतच होता आणि बसणं तसंच, टोपली हलू नये तसं.

बडनेऱ्याच्या अलीकडे रेल्वेचं फाटक बंद मिळालं. लांबलचक मालगाडी, थांबत थांबत चाललेली. ऊन डोक्यावर, डांबर पाघळलेलं. पळताना निदान अंगाला वारा तरी लागत होता, फाटकाशी तोही थांबला. गजाभाऊ खाली उतरले नाहीत. एक हात फाटकाच्या दांड्यावर ठेवून सायकलवरच बसून राहिले आणि फाटकवाल्यावर ओरडू लागले. मी त्यांच्या खांद्याला धरलं. अंग चटका बसावा असं तापलेलं होतं आणि कोरडं. घामाचा थेंब नाही. माझ्या अंगावरून घाम निथळत होता, आणि मला आडोशाला घेऊन चाळीसेक मैल सायकल मारलेल्या माणसाच्या अंगावर घाम नव्हता. तेव्हा मला काहीतरी कळलं. काय कळलं ते कळलं नाही.

"गजाभाऊ, उतरा खाली. सावलीत बसू."

"फुलं सुकून राहिली न तुळशा," ते म्हणाले. अगदी नेहमीच्या आवाजात. "पुजारी घेनार नाही."

मग हात दांड्यावरून सुटला.

दिगंबर आला तेव्हा मी त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसलो होतो. त्यानं सायकल टाकली, आपलं सगळं पाणी त्यांच्या छातीवर ओतलं, धोतराचा सोगा धरून सावली केली. फाटक उघडलं. अकोल्याच्या दोघांनी आमच्याकडे पाहिलं, दिगंबरकडे पाहिलं, आणि निघून गेले. ढाल त्यांतल्या एकाला मिळाली. दिगंबर गेला नाही. बैलगाडीत घालून दवाखान्यापर्यंत तो माझ्याबरोबर चालत आला. डॉक्टरांनी नाडी पाहिली आणि मान खाली घातली. कागदावर लिहिलं, ऊन लागल्यानं.

मंडळानं ते दोन शब्द घट्ट धरले. ऊन लागल्यानं. शोकसभा झाली, त्यातही तेच. पण अकोल्याची चार माणसं होतीच. आठ दिवसांत पानठेल्यावर दोन पक्ष पडले. एक म्हणे, गजा देवमाणूस, सुपारी खात नव्हता, गोळी काय खाईल. दुसरा म्हणे, डोळ्यानं पाहिलं लोकांनी, आणि एका डावातच थोडी घेतली असेल? मागच्या तिन्ही ढाली गोळीच्याच. बाबाराव एका दिवशी इकडून बोलायचा, दुसऱ्या दिवशी तिकडून, गिऱ्हाईक पाहून. एकटा दिगंबर, त्याला अकोल्यात कोणी छेडलं तर म्हणायचा, "तो गोळी खात असन, तं आमी काय गंगाजल पेत होतो काय बे? गप बसा." त्यानंतर तो शर्यतीला उतरला नाही, असं ऐकलं.

आणि दोन्ही पक्षांना एक गोष्ट मान्य होती. तुळशानं आडोसा दिला नाही. गजाला उन्हात पुढे काढलं आणि स्वतः मागे लपून आला. हे वाटेतल्या शंभर लोकांनी पाहिलं होतं, आणि ते खरं होतं. मळ्यात कोणी माझ्या हातून पाणी घेईना. रशीदभाईनंसुद्धा मान फिरवली.

वकिलांचा मुलगा तिसऱ्या दिवशी मला रस्त्यात भेटला. चेहरा पांढरा फटक. म्हणाला, "मी अर्धी म्हटलं होतं ना रे? एका गोळीतली अर्धी. निघायच्या आधी, सकाळच्या गारव्यात." मला तेव्हा पहिल्यांदा समजलं की माझ्या तोंडातून कोणता शब्द गेला होता. तो म्हणाला, "माझं नाव घेऊ नकोस." मी घेतलं नाही. माझंही घेतलं नाही. सोपं पडलं ते. आज तो मोठा वकील आहे म्हणतात.

नवव्या दिवशी मंडळाची चार माणसं सरूवहिनींच्या दारात आली, मला मळ्यातून काढा सांगायला. मी आतल्या बाजूला फुलांच्या रिकाम्या टोपल्या रचत होतो. वहिनी उंबऱ्यात उभ्या राहिल्या. डोक्यावरचा पदर नीट करून म्हणाल्या, "माह्या मानसानं एकदा ठरवलं का कोनाचं आयकलं नाही. यानं काय दोरीनं बांधाचं होतं त्याईले? तीन साल याच्या छातीवर वारा होता, तवा कोनी आलतं काय त्याच्या छातीले तेल लावाले? निंघा." माणसं गेली. मग मला म्हणाल्या, "भाऊजी, तुमी अठी जगनार नाही. माहा भाऊ फौजेतून सुटून लुधियान्यात राह्यला. त्याच्याकडं जा."

तेव्हा बोलायला हवं होतं. त्या उंबऱ्यात, तिथल्या तिथे. पुडी मी दिली, शब्द मी चुकवला. पण त्या माझी बाजू घेऊन उभ्या होत्या, आणि मी त्या बाजूच्या मागे लपलो. पुन्हा एकदा मागे. माणूस एकदा आडोशाला बसला की त्याची सवय लागते असं मला आता वाटतं. आधी गजाभाऊंच्या मागे चाळीसेक मैल, मग वहिनींच्या मागे नऊ वर्षं.

मी स्वतःला पटवत आलो की गप्प राहणं गजाभाऊंसाठी आहे. मी बोललो तर त्यांनी गोळी घेतली हे पक्कं होईल, नाव जाईल. मंडळाचंही तेच म्हणणं. पण नाव असं राहतं का? मंडळ म्हणतं एकदाही नाही, आणि ते कोणी मानत नाही, कारण पाहणारे जिवंत आहेत. मग लोक म्हणतात नेहमीच. खरं मधेच कुठेतरी पडून आहे. एकदा घेतली. भीतीनं घेतली. चुकीच्या शब्दावर घेतली. बाकी तिन्ही वेळा भाकर-दुधावर जिंकला. आणि हे मधलं खरं सांगू शकणारा माणूस साऱ्या वऱ्हाडात एकच होता, तो पंजाबात आरे बसवत बसला. त्या परदेशातल्या गड्याच्या मागेही असा कोणी असेल का, बाटली पुसून देणारा, ज्याला नक्की आकडा माहीत आहे आणि जो गप्प आहे? असावा. त्याच्याबद्दल विचार करत मी दोन रात्री काढल्या.

यंदाच्या पार्सलात कुरोड्यांच्या खाली चिठ्ठी होती. पूर्वी वहिनी कोणाकडून तरी लिहवून घ्यायच्या, आता सुलूच लिहिते. अक्षर मोठं, गोल, शाळेतलं. खुशाली लिहून झाल्यावर खाली तिनं आपल्या मनानं लिहिलं आहे. "तुळशीकाका, वर्गातल्या मुली मला गोळीवाल्याची पोरगी म्हणतात. मी भांडले. आईनं ढाली पेटीत ठेवून दिल्या. आई म्हणते, काकांना विचार, ते प्रत्येक शर्यतीत बाबांच्या पुढं होते, त्यांना सगळं ठाऊक. तर खरं काय ते लिहा."

प्रत्येक शर्यतीत पुढं होते. शेवटच्या वेळी मी मागे होतो हे ठाऊक असूनही वहिनींनी लेकीला असं सांगितलं, एवढा त्यांचा माझ्यावर विश्वास.

सुलूला पोस्टकार्डावर हे लिहिता येत नाही. तीन पोस्टकार्डं फाडली. दहा-साडेदहा वर्षांच्या लेकराला कागदावरून सांगायची ही गोष्ट नव्हे, आणि कागद पाठवून आपण इकडे बसून राहणं म्हणजे पुन्हा तेच, दुसऱ्याला पुढे काढणं. म्हणून हे इथे, अनोळखी लोकांसमोर, आधी लिहून पाहतो आहे. तोंडाला सवय व्हावी म्हणून. लिहिताना हात थांबेल असं वाटलं होतं, थांबला नाही. बोलताना काय होईल माहीत नाही. मला अजून भीती वाटते. वहिनींची नाही. त्या ऐकून घेतील आणि काही बोलणार नाहीत, त्याची.

फोरमनकडे सुट्टी मागितली आहे. यंदा मिळाली नाही, कारखान्यात काम अंगावर आलं आहे. पुढच्या चैत्रात देतो म्हणाला.

सरूवहिनी, तुम्ही मला ताट वाढलंत, गाव दिलंत, धंदा दिलात, आणि बदल्यात मी तुमच्या घरातलं खरं घेऊन पळालो. ते परत करायला मी येईन. आधी तुमच्या पायाशी बसून सगळं सांगेन, पुडीपासून फाटकापर्यंत. मग तुम्ही दार लावलंत तरी चालेल, मी बाहेर उभा राहीन. आणि तिथून ठेल्यावर जाईन, अकोल्यालाही जाईन, आणि ज्याला ज्याला गजाभाऊंबद्दल मत आहे त्या प्रत्येकाच्या तोंडावर सांगेन की तीन शर्यती खऱ्या होत्या, एक खोटी होती, आणि त्या खोटीत माझा हात होता. तुमचे उपकार काय फिटायचे आहेत वहिनी. पण सुलूनं ढाली भिंतीवर लावाव्यात एवढं मी करून देईन. त्यासाठी मला वाऱ्यात उभं राहावं लागेल, तर राहीन.